निम्फ तळाला का लागत नाही?

हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या खडकाळ धारेत ट्राउट मासा धरताना निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या अळीसारखा बनवलेला नकली गळ) तळापर्यंत पोचतच नाही, असं एकाने विचारलंय. वजन वाढवण्याआधी दोरी बघा. वरचा प्रवाह वेगात, तळचा मंद. जाड फ्लाय-लाइन (रॉडची फेकायची दोरी) पाण्यावर पडली की तिला पोट येतं, म्हणजे ती मधे फुगून वाकते, आणि ती निम्फला फरफटत नेते. थंडगार पाण्यात ट्राउट सुस्त असतो. दगडाआडून हातभर सरकेल, पाठलाग करणार नाही.

म्हणून तिरपं, प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका, 6-7 मीटरपेक्षा लांब नको. पडल्या पडल्या रॉडचं टोक उचलून दोरीचं पोट प्रवाहाच्या वरच्या अंगाला उलटवा. इंडिकेटर (दोरीवरचा तरंगता खुणेचा गोळा) निम्फपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर, शिशाचा मणी निम्फच्या 15-20 सेंटिमीटर वर. इंडिकेटर फेसाच्या बुडबुड्यांपेक्षा किंचित हळू चालला तर जमलं. पुढे धावला तर दोरीच ओढतेय. चार-पाच फेकींत निम्फ एकदाही तळाला घासला नाही, तरच आणखी एक मणी. इंडिकेटर थबकला की मनगटाने हलकं उचला. बऱ्याचदा दगडच निघतो, चालायचंच.

सराव नाशकातही होतो: उन्हाळ्यात गोदावरीवर सोमेश्वरच्या कातळात, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं असेल तेव्हा मात्र पात्रात उतरू नका.