इंधन भरण्याच्या मार्गातील तारांची सक्तीची तपासणी: २८ व्होल्टसाठी दोन दिवस विमान उभे का ठेवायचे?

प्रश्न : शिकाऊ_हँगर

विमान देखभाल अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम संपवून मी सध्या एका देखभाल केंद्रात प्रशिक्षणार्थी म्हणून काम करतो. आमच्याकडे मोठ्या तपासणीसाठी एक जुने बोइंग ७३७ आले आहे. मधल्या टाकीतील फ्लोट स्विच (इंधनाच्या पातळीबरोबर वर येऊन टाकी भरल्याचा संकेत देणारा स्विच) आणि त्याच्या तारा यांची तपासणी करण्याचे टास्क कार्ड, म्हणजे काम झाल्यावर सही करायचा कामाचा कागद, मला आणि माझ्या वरिष्ठांना मिळाले आहे. टाकी पूर्ण रिकामी करायची, हवा खेळती ठेवून वाफ काढायची, वायुमापकाने खात्री झाल्यावरच आत उतरायचे, स्विच सोडवायचा आणि टाकीतून जाणाऱ्या धातूच्या नळीतून तार बाहेर ओढून तिचे आवरण इंच-इंच पाहायचे, असे हे काम आहे. यात दोन दिवस सहज जातात. हे काम उड्डाणयोग्यता निर्देशातून, म्हणजे आपण ज्याला एडी म्हणतो त्यातून आलेले असल्यामुळे पुढे ढकलण्याची सोय नाही, असे मला सांगण्यात आले.

माझी अडचण अशी आहे की टाकी उघडण्यापूर्वी आम्ही याच स्विचची कार्यचाचणी घेतली होती आणि ती दहा मिनिटांत निर्दोष पार पडली. टाकी भरल्याचा संकेत मिळताच व्हॉल्व्ह बंद झाला आणि पॅनेलवरचा निळा दिवाही अपेक्षेप्रमाणे वागला. शिवाय हे मंडल २८ व्होल्ट एकदिश प्रवाहाचे आहे, म्हणजे ट्रकच्या बॅटरीपेक्षा फारसे जास्त नाही. इंधन भरताना विमान आणि रिफ्युएलर, म्हणजे इंधनाची गाडी, यांच्यात बॉन्डिंग केलेले, म्हणजे दोघांना वायरने जोडलेले असतेच. असे असताना ठिणगीचा धोका उरतो तरी कुठे, आणि चालू स्थितीतली तार केवळ पाहण्यासाठी उपसून काढण्याची सक्ती का, हे कोणी तत्त्वासह समजावून सांगेल का? कार्डावर सही करण्यापूर्वी मला ते समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ : निवृत्त_एव्हिऑनिक्स

तुम्ही सहीआधी प्रश्न विचारलात याचे समाधान वाटले, कारण बहुतेक जण सहीनंतरही विचारत नाहीत. मी एकतीस वर्षे विद्युत आणि एव्हिऑनिक्स (विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) शाखेत काम केले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा तुमचा २८ व्होल्टचा मुद्दा घेऊ. इंधनाची वाफ आणि हवा यांचे योग्य मिश्रण पेटवायला किती ऊर्जा लागते, हे पाहायचे असते; व्होल्टेजचा आकडा त्यात दुय्यम ठरतो. टाकीच्या सुरक्षिततेचे निकष ठरवताना ही ऊर्जा सुमारे ०.२ मिलिज्यूल धरतात. थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना बोटाला जो चटका बसतो, त्यातही एवढी ऊर्जा असू शकते. आता तुमच्या मंडलात व्हॉल्व्ह उघडणारे सोलेनॉइड आहे, म्हणजे तारेचे वेटोळे आहे. वेटोळ्यात साठलेली ऊर्जा प्रवाह अचानक तुटला की तुटण्याच्या जागीच बाहेर पडू पाहते. उदाहरण म्हणून अर्धा अँपिअर प्रवाह आणि ०.१ हेन्री प्रेरकत्व धरले, तरी साडेबारा मिलिज्यूल होतात, म्हणजे लागते त्याच्या साठपट. आवरण झिजलेली तार नळीच्या आतल्या भिंतीला कंपनाबरोबर चिकटत आणि सुटत राहिली, तर हा जोड-तोडीचा खेळ इंधनाच्या शेजारी चालू होतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ही तार विमानभर एकटी फिरत नाही. ती ज्या लूममधून, म्हणजे एकत्र बांधलेल्या तारांच्या जुडग्यातून येते, त्यात ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झच्या तारा असू शकतात. लूममध्ये दोन तारांची आवरणे एकाच ठिकाणी खराब झाली, तर जास्त दाबाची वीज कमी दाबाच्या तारेवर स्वार होऊन टाकीत पोहोचते. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए ८०० हे ७४७ विमान हवेत फुटले आणि २३० जण मृत्युमुखी पडले. ठिणगीचा उगम खात्रीने सांगता येत नाही, असे चौकशी मंडळाने प्रामाणिकपणे नोंदवले. मात्र सर्वाधिक संभाव्य शक्यता म्हणून टाकीबाहेरील शॉर्ट सर्किटमधून इंधनमापन यंत्रणेच्या तारांवाटे आत गेलेल्या जादा व्होल्टेजकडे बोट दाखवले. ज्या तारा मुळात अगदी नगण्य ऊर्जेसाठी बनवल्या होत्या, त्याच वाहक ठरल्या.

त्या विमानाच्या मधल्या टाकीत सुमारे ५० गॅलनच इंधन होते. अनेकांना उलट वाटते, पण काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा तळाशी थोडेसे इंधन उरलेली, खालच्या वातानुकूलन यंत्रांच्या उष्णतेने तापलेली टाकी अधिक भयंकर असते. ३ मार्च २००१ रोजी बँकॉकला थाई एअरवेजच्या ७३७-४०० विमानाची मधली टाकी उभ्या जागी फुटली. प्रवासी चढायचे होते. विमानातील एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला. इंधन भरायला सुरुवात करताना आपली टाकी बहुधा याच अवस्थेत असते, हे लक्षात ठेवा.

तुमच्या कार्डाशी सर्वांत जवळचे उदाहरण मात्र मनिलाचे आहे. ११ मे १९९० रोजी फिलिपीन एअरलाइन्सचे ७३७-३०० विमान मागे ढकलले जात असताना मधली टाकी फुटली आणि आठ जण दगावले. कारण निर्विवादपणे सिद्ध झाले नाही, पण संशयाची सुई खराब झालेल्या तारांकडे आणि फ्लोट स्विचच्या मंडलाकडे वळली. तुम्ही आज जो स्विच हातात घेणार आहात, त्याच कामाचा तो स्विच. पुढे या मालिकेच्या विमानांसाठी स्विचमध्ये ओलावा किंवा इंधन शिरणे आणि नळीत तार घासली जाणे या दोन्ही दोषांवर निर्देश निघाले.

आता कार्यचाचणीबद्दल. दिवा लागला आणि व्हॉल्व्ह बंद झाला, याचा अर्थ वीज जिथे जायला हवी तिथे पोहोचली, इतकाच. वाटेत ती आणखी कुठे झिरपू शकते का, याबद्दल चाचणी काहीच सांगत नाही. आवरण नव्वद टक्के झिजलेली तारसुद्धा चाचणीत शंभर टक्के गुण मिळवते. सर्किट ब्रेकरवरही फार विसंबू नका. नेहमीचा ब्रेकर उष्णतेवर चालतो. क्षणभर चमकून विझणाऱ्या ठिणगीने तो तापतच नाही. ज्या दोषाला लक्षणच नसते, त्यासाठी वैमानिकाची तक्रार कधीच लिहून येणार नाही. म्हणून ते काम कोणाच्या मर्जीवर सोडता येत नाही आणि म्हणूनच सक्ती आहे.

सक्ती किती कडक असू शकते, याचा नमुना मे १९९८ मध्ये दिसला. ७३७ विमानांच्या टाकीतील इंधनपंपाच्या तारा नळीत घासल्याचे आढळल्यावर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने ५०,००० तासांहून अधिक उडालेल्या विमानांना तपासणीशिवाय पुढचे उड्डाणच नाकारले आणि ४०,००० ते ५०,००० तासांच्या विमानांना चौदा दिवसांची मुदत दिली. आपल्याकडेही विमानाचा आराखडा ज्या देशाचा, त्या देशाने काढलेला निर्देश पाळावा लागतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमावलीत सक्तीचे बदल व तपासण्या यांसाठी ‘एम’ मालिका त्याकरिताच आहे.

उत्तर २ : एप्रन_नागपूर

मी देखभालीतला नाही, इंधन भरणाऱ्या बाजूचा आहे. वरील उत्तर उत्तम आहे, तरी तारांच्या चर्चेत बॉन्डिंगला कोणी दुय्यम समजू नये, एवढ्यासाठी लिहितो.

इंधन फिल्टरमधून आणि नळीतून वेगाने वाहताना स्वतःच विद्युतभारित होते. फिल्टरमध्ये ते सर्वाधिक होते. विमान आणि गाडी यांच्यातील विभवांतर नाहीसे करण्यासाठी बॉन्डिंगची वायर सर्वांत आधी जोडायची आणि सर्वांत शेवटी काढायची, हा क्रम आम्ही झोपेतही चुकवत नाही. पण शिकाऊ मित्राच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे: ही वायर विमान आणि गाडी यांच्यातील ठिणगी रोखते. विमानाच्या पोटात घासलेल्या तारेवर तिचा काडीचाही उपयोग नाही. दोन धोके वेगळे, दोन उपाय वेगळे.

नागपूरकर म्हणून आणखी एक सांगावेसे वाटते. जेट ए-१ इंधनाचा प्रज्वलनबिंदू (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते) किमान ३८ अंश सेल्सिअस असतो, म्हणून त्याला पेट्रोलच्या मानाने सुरक्षित म्हणतात. मे महिन्यात आमच्याकडे सावलीत पारा ४५ च्या आसपास जातो आणि एप्रनच्या (विमाने उभी करण्याच्या जागेच्या) काँक्रीटवर त्याहून बराच अधिक. मग पुस्तकातली सुरक्षितता उन्हात वितळून जाते. टाकी भरत असताना आतली वाफ पंखांच्या टोकांकडील व्हेंटमधून (हवा जाण्याच्या छिद्रांतून) बाहेर ढकलली जाते, म्हणून इंधनाचे तोंड आणि व्हेंट यांच्याभोवती तीन मीटरचे क्षेत्र आम्ही राखतो. त्या क्षेत्रात जीपीयूची (उभ्या विमानाला वीज पुरवणाऱ्या यंत्राची) केबल जोडणे किंवा उपसणे, बॅटरी बदलणे, फ्लॅश मारून फोटो काढणे यांतले काहीही चालत नाही. उत्साहाने मोबाइल काढणारा एक तरी जण दर पाळीत भेटतो.

आमच्या गाडीच्याही तपासण्या सक्तीच्या आहेत. बॉन्डिंग वायरची सातत्य-चाचणी, तिच्या चिमट्याचे दात, नळीवरचे फुगवटे, हात सोडताच प्रवाह थांबवणारा डेडमॅन स्विच, हे सारे नोंदवहीत उतरते. ५ सप्टेंबर २००१ रोजी डेन्व्हरला ब्रिटिश एअरवेजच्या ७७७ विमानात इंधन भरताना पंखाखालचा जोड तुटला, दाबाखालचे इंधन उडून पेटले आणि इंधन भरणाऱ्या कामगाराचा त्यात अंत झाला. तिथे तारेचा दोष नव्हता. म्हणून जोडाची झीज मोजण्याचा माझा कंटाळा त्या दिवशीच गेला.

शिकाऊ_हँगर

दोघांचेही आभार. ऊर्जा आणि व्होल्टेज यांतील फरक अभ्यासक्रमात होता, पण वेटोळ्याचा हिशेब मी या तारेला कधी लावला नव्हता. एक शंका उरते. तार ओढून काढताना आणि परत घालताना आम्हीच तिला इजा केली, तर? वीस वर्षे एका जागी बसलेले आवरण कडक झालेले असते.

उत्तर ३ : तांत्रिक_नियोजन

ही शंका रास्त आहे आणि नियम करणाऱ्यांनाही ती पडलेली आहे. जुन्या तारेला विनाकारण हात लावू नये, हे तत्त्व विद्युत तारजोडणीच्या देखभालीत आता मान्य आहे. २००७ च्या अमेरिकी नियमांनी तारजोडणीला स्वतंत्र प्रणालीचा दर्जा दिला आणि तिची तपासणी विभागवार कशी करावी याची चौकट आखली. जिथे नुसत्या नजरेने भागते तिथे आरसा आणि टॉर्च. जिथे दोष नजरेआड राहतो, तिथेच उकलून पाहणे. टाकीतील नळी ही दुसऱ्या प्रकारात मोडते, कारण आतली तार बाहेरून दिसण्याचा काहीच मार्ग नाही.

याला जोडूनच सीडीसीसीएल नावाची मर्यादांची यादी असते, ती कार्डासोबत वाचा. टाकीच्या सुरक्षिततेसाठी आराखड्यातील जी वैशिष्ट्ये कोणत्याही दुरुस्तीत बदलता कामा नयेत, ती त्यात येतात: अमुक तारांमधले अंतर, अमुक संरक्षक बाही, अमुक जागी जोड नको, अमुक बॉन्डिंग जंपर (धातूचे भाग एकमेकांना जोडणारी छोटी वायर). तार बदलावी लागली, तर भांडारात सापडली ती ‘तशीच’ तार चालत नाही. पार्ट नंबर जुळलाच पाहिजे. मी असा एक प्रसंग पाहिला आहे, कंपनीचे नाव घेत नाही. तपासणी झाल्याची सही कार्डावर होती, पण झाकणाच्या स्क्रूंवरचा रंग जसाच्या तसा होता. पाना लागलेल्या स्क्रूच्या खाचेत धातू चमकतो. तिथे एकही खाच चमकत नव्हती. ते कार्ड मी रद्द केले आणि विमान आणखी एक रात्र उभे राहिले. त्याबद्दल मला बोलणी बसली, ती मी ऐकून घेतली.

निवृत्त_एव्हिऑनिक्स

कामाच्या काही सूचना देतो. तार काढताना तिच्या टोकाला मार्गदर्शक दोरी बांधा, म्हणजे परत घालताना ढकलावी लागणार नाही. नळीच्या तोंडाशी आणि वळणाशी येणाऱ्या लांबीवर अधिक वेळ द्या, झीज तिथेच होते. दहापट भिंग वापरा. आवरणावर फक्त तुळतुळीत चकाकी दिसली, तरी ‘ठीक’ लिहू नका. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसला, तर ओलावा शिरला आहे असे समजा; आपल्या किनारपट्टीवर रात्रभर उभ्या राहणाऱ्या विमानांत खारी हवा हे काम फार लवकर करते. आणि इंधन पॅनेलच्या दाराचे रबर पाहायला विसरू नका. त्या दाराच्या स्विचवरून पॅनेलला वीज मिळते आणि पावसात इंधन भरताना ते उघडेच असते.

शिकाऊ_हँगर

आज तार निघाली. दोरी बांधली होती. नळीच्या तोंडापासून साधारण चार बोटे आत, संरक्षक बाहीवर तांदळाच्या दाण्याएवढा चकाकणारा डाग होता. बाहीला भोक नव्हते, तार उघडी पडली नव्हती. वरिष्ठांनी भिंगातून दोनदा पाहिले, बोटाने चाचपले आणि कार्डावर स्वतंत्र दोषनोंद उघडली. निर्देशात सांगितलेल्या पार्ट नंबरची तार आणि बाही मागवली आहे, ती येईपर्यंत टाकीचे झाकण उघडेच राहील. कार्यचाचणीचा कालचा निकाल अजूनही माझ्या वहीत ‘निर्दोष’ असाच आहे.