मदत हवी आहे: डीकेडब्ल्यू एफ-८ (१९३९), मूळ रेक्झिन न काढता आतले लाकूड कसे वाचवावे?

नमस्कार. मी जर्मनीतील केम्निट्झ येथे राहतो. गेल्या हिवाळ्यात जवळच्या गावातील एका आजींनी त्यांच्या वडिलांची १९३९ सालची डीकेडब्ल्यू एफ-८ मोटार मला दिली. अनेक दशके ती कोठारात उभी होती. झ्विकाऊला तयार झालेले हे राइक्सक्लासे मॉडेल आहे: ५८९ सीसीचे दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन, पुढच्या चाकांना गती, आणि गियरचा दांडा थेट डॅशबोर्डमधून बाहेर आलेला.

इंजिनाची मला फारशी काळजी नाही. प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडले आणि काही दिवसांनी हाताने हळूहळू फिरवले, तेव्हा ते मोकळे झाले. पाण्याचा पंप या गाडीला मुळातच नाही. गरम पाणी वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, एवढ्यावरच इंजिन थंड राहते.

खरी अडचण बॉडीची आहे. ती पत्र्याची नसून लाकडी सांगाड्यावर प्लायवूड ठोकून त्यावर रेक्झिन ताणलेली आहे. रेक्झिनला भेग पडली की पाणी आत शिरते, सांधे सुटतात आणि लाकूड कुजते. म्हणूनच युद्धानंतर अशा कित्येक गाड्यांवर पत्र्याची बॉडी चढवली गेली, उरलेल्यांपैकी पुष्कळांचे रेक्झिन बदलले गेले, आणि कारखान्यातून निघालेल्या आवरणासह टिकलेली गाडी आज क्वचितच दिसते. माझ्या गाडीचे रेक्झिन मूळचे आहे. छताच्या कडेला ते तडकले असून उजव्या दाराच्या खालच्या पट्टीतून किड्यांनी पोखरलेल्या लाकडाचा भुसा गळतो.

येथील एका कारागिराने सगळे सोलून नवे रेक्झिन लावण्याचा सल्ला दिला. तो मला मान्य नाही, कारण गाडी पुन्हा नवी करता येईल, पण मूळ स्थितीतली एकदाच असते. मोठ्या प्लॅस्टिकच्या आवरणात नायट्रोजन भरून किडे मारण्याची पद्धत मी वाचली आहे आणि ती मला सुरक्षित वाटते. पेच त्यापुढचा आहे. पोकळ झालेल्या लाकडात पॅरालॉइड बी-७२ (लाकूड घट्ट करणारे ॲक्रिलिक रेझिन) मुरवायचे, तर ते सहसा ॲसिटोनमध्ये विरघळवतात. आणि त्या काळच्या रेक्झिनवर बहुधा नायट्रोसेल्युलोजचा थर असे, जो ॲसिटोनने विरघळतो. पाण्यात कालवलेले काही वापरावे, तर प्लायवूडचे थर सुटण्याची भीती वाटते.

मुंबई-पुण्याच्या संग्रहालयांत लाकूड आणि कापड एकत्र असलेल्या वस्तूंवर काम केलेले कोणी येथे असल्यास कृपया सांगावे: दाराच्या आतल्या बाजूने, रेक्झिनपर्यंत ओल पोहोचू न देता, सुईने थोडे थोडे द्रावण सोडणे व्यवहार्य आहे का? आणि तडकलेल्या कडा चिकटवण्यासाठी, पुढे कधी सोडवता येईल असा कोणता गोंद तुम्ही वापरला आहे? तोवर गाडी कोरड्या खोलीत ठेवली असून आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर राखली आहे, आणि प्रत्येक भेगेचे छायाचित्र मोजपट्टीसह काढून ठेवले आहे. हवी ती छायाचित्रे येथे देईन.