हेवेशीला रेडियम-डी वेगळं काढता आलं नाही, मग नोबेल कशाचं?

कुतूहल_७२
नववी-दहावीच्या मुलांसमोर अर्धा तास बोलायचं आहे. जॉर्ज द हेवेशी हा विषय मीच हौसेनं मागून घेतला आणि आता अडकले आहे. जिथे बघावं तिथे दोनच किस्से. एक, मँचेस्टरच्या खानावळीत शिळं मांस पकडलं तो. दुसरा, जर्मन सैन्य आलं तेव्हा नोबेलची पदकं आम्लात विरघळवली तो. मुलांना आवडतील, पण असल्या उचापतींसाठी कुणी नोबेल देत नाही. जरा खोलात गेले तर गोंधळ वाढलाच. मँचेस्टरच्या प्रयोगशाळेचे प्रमुख रदरफर्ड यांनी १९११ च्या सुमारास दिलेलं काम हेवेशीला जमलंच नव्हतं म्हणे! जवळजवळ दोन वर्षं खपून हाती भोपळा. मग १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल नेमकं कशाबद्दल? सूत्रं नकोत, डोळ्यांसमोर दिसेल असं काही सांगा.

निवृत्त_पिपेट
ताई, ते न जमलेलं कामच धरून ठेवा. भाषण तिथूनच सुरू करा, किस्से मधल्या जांभयांसाठी राखा.

युरेनियमच्या खनिजातून रेडियम काढल्यावर मागे शिसं उरतं. रदरफर्डकडे असं शिसं ढिगानं येऊन पडलं होतं. त्यात रेडियम-डी नावाचा किरणोत्सारी पदार्थ होता आणि तो शिशामुळे वापरता येत नव्हता. 'धमक असेल तर वेगळा काढून दाखव' असं त्यांनी या हंगेरियन पोराला सांगितलं. पोरानं होत्या नव्हत्या सगळ्या रासायनिक युक्त्या करून पाहिल्या. शिसं साक्यात बसलं की रेडियम-डी साक्यात, शिसं पाण्यात की तेही पाण्यात. सावलीसारखं. वेगळं होणार तरी कसं? ते शिसंच होतं! आज आपण त्याला शिसं-२१० म्हणतो, अर्धायुष्य (म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ) साधारण २२ वर्षं. एकाच मूलद्रव्याच्या अशा वेगवेगळ्या वजनाच्या अणूंना 'आयसोटोप' म्हणतात; पण हा शब्दच तेव्हा नव्हता, तो सॉडीनं १९१३ मध्ये आणला.

आता खरी गंमत. दुसरा कुणी असता तर चुकचुकून विषय बदलता. हेवेशीनं प्रश्नच उलटा केला. वेगळं होत नाही ना? मग मुद्दामच मिसळू. कळपातल्या एका गायीच्या गळ्यात घंटा बांधली की गुराख्याला झाडीतही कळप कुठे गेला ते कळतं. रेडियम-डी म्हणजे शिशाच्या गळ्यातली घंटा.

१९१३ मध्ये व्हिएन्नाच्या रेडियम संस्थेत फ्रिट्झ पानेटबरोबर त्यांनी ही घंटा पहिल्यांदा कामाला लावली. लेड क्रोमेट हा पिवळा क्षार पाण्यात इतका कमी विरघळतो की विरघळलेला भाग तराजूला कळतच नाही. त्यांनी मोजूनमापून घेतलेल्या शिशात रेडियम-डी मिसळलं, त्याचा क्रोमेट केला, पाण्यात घुसळला, वरचं नितळ पाणी आटवलं आणि उरलेल्या पुटाची किरणं मोजली. अमुक किरणं म्हणजे तमुक शिसं, साधी त्रैराशिकं. जे तराजूला जमलं नाही ते घंटेनं सांगितलं.

मी स्वतः सत्तावीस वर्षं फॉस्फरस-३२ चे, म्हणजे किरणोत्सारी फॉस्फरसचे, नमुने मोजण्यात घालवली. नमुना ज्या छोट्या धातूच्या ताटलीत वाळवायचा तिला 'प्लँचेट'च म्हणतात. भुतं बोलावण्याशी संबंध नाही हे दर वर्षी नव्या पोरांना सांगावं लागे. सकाळी पहिली मोजणी रिकाम्या ताटलीची. एकदा तिचाच आकडा तिप्पट आला. ताटली बदलली, टेबल पुसलं, यंत्राला शिव्या घातल्या. शेवटी सापडलं माझ्या कोटाच्या उजव्या बाहीवर, डोळ्यांना न दिसणारा वाटाण्याएवढा डाग. धुऊन जाईना. अर्धायुष्य १४.३ दिवस, म्हणजे कोट पाच महिने कपाटात बंद. खानावळवालीला काय वाटलं असेल ते मला त्या दिवशी कळलं.

शंकेखोर
काका, खानावळीची गोष्ट खरी तरी आहे का? मला ती नंतर कुणीतरी रंगवलेली वाटते.

निवृत्त_पिपेट
त्यांनी स्वतःच सांगितलेली आठवण आहे, त्यामुळे थोडा मसाला धरून चाला. मालकीण उरलंसुरलं मांस पुन्हा वाढते असा संशय. हे महाशय ताटातल्या उरलेल्या घासांत चिमूटभर किरणोत्सारी द्रव्य घालून उठले आणि काही दिवसांनी ताज्या म्हणून आलेल्या पदार्थाजवळ इलेक्ट्रोस्कोप धरला; किरणोत्सार जवळ आला की त्यातली फाकलेली सोन्याची पानं मिटतात. पानं मिटली, बाई सापडल्या. आज कुणी असं केलं तर नोकरी जाईल, हे मुलांना जरूर सांगा!

आम्लराज
पदकांचंही मुलांना नीट सांगा. १९४०, कोपनहेगन, भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरची प्रयोगशाळा. पदकं हेवेशीची नव्हती, फॉन लाउए आणि जेम्स फ्रँक या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांची होती. जर्मनीतून सोनं बाहेर पाठवणं गुन्हा, आणि पदकांवर नावं कोरलेली. अम्लराजातही (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणातही) सोनं पटकन विरघळत नाही, जीव मेटाकुटीला आला असेल. बाटली फळीवर तशीच राहिली, युद्धानंतर त्यातलं सोनं परत काढून पदकं नव्यानं घडवली.

कुतूहल_७२
काका, घंटा भाषणात घेतेच. पण नुसत्या शिशावर नोबेल?

निवृत्त_पिपेट
छे, नोबेल या घंटेच्या युक्तीला, शिसं ही नुसती तालीम. १९२३ मध्ये त्यांनी फाबा बीनची रोपं थोरियम-बी (हेही किरणोत्सारी शिसंच) मिसळलेल्या शिशाच्या द्रावणात ठेवली आणि मूळ, खोड, पानं वेगवेगळी जाळून राख मोजली. सजीवावरचा हा पहिला मागोवा. बहुतेक शिसं मुळांतच अडकलेलं होतं. त्याच वर्षी कोस्टरबरोबरचा ७२ व्या मूलद्रव्याचा, हाफ्नियमचा, शोधही प्रसिद्ध झाला. तुमच्या नावातला ७२ तोच ना?

पण शिशाचं शरीरात काय काम? ते विषच. खरी वाट १९३४ मध्ये मोकळी झाली, जोलिओ-क्युरी दांपत्यानं कृत्रिम किरणोत्सार दाखवला तेव्हा. १९३५ मध्ये हेवेशी आणि खीविट्झ यांनी उंदरांना फॉस्फरस-३२ खाऊ घातला. तोवर हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत अशीच समजूत होती. निघालं भलतंच. पूर्ण वाढलेल्या उंदराच्या हाडातही नवा फॉस्फरस जाऊन बसत होता आणि जुना बाहेर पडत होता. भिंत तशीच उभी, आतल्या विटा मात्र रोज बदलतायत! कुठलाही तराजू हे दाखवू शकला नसता, कारण वजनात फरकच पडत नाही. मुलांना स्वतःच्या मनगटाचं हाड चाचपायला लावा आणि हे सांगा.

न्यूट्रॉनी
हिल्डे लेवीचं नाव राहू देऊ नका. १९३६ मध्ये तिनं आणि हेवेशीनं दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवर (एकमेकांपासून वेगळे करायला अवघड अशा धातूंच्या गटावर) न्यूट्रॉन सोडले. त्यातलं डिस्प्रोशियम जबरदस्त किरणोत्सारी झालं, आणि त्या खुणेवरून मिश्रणातलं नेमकं मूलद्रव्य ओळखता येतं हे कळलं. या पद्धतीत नमुना विरघळवावासुद्धा लागत नाही.

कुतूहल_७२
लेवी घेतलीच. काका, एक शेवटचं. तुम्ही काम करताना समोर शिशाची भिंत असायची का? मुलं हमखास विचारतील.

निवृत्त_पिपेट
फॉस्फरस-३२ ला शिसं नाही, सेंटीमीटरभर जाडीचं पारदर्शक ॲक्रिलिक. त्याचे वेगवान बीटा कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, थेट शिशावर आपटले तर उलट क्ष-किरण निघतात. नवी पोरं कोपऱ्यातली शिशाची वीट उचलून आणत आणि मी ती परत ठेवायला लावत असे.