३ नंबरचा नॉब फिरवला की ४ नंबरवालाही हलते

दारव्हेकर_पेटीवाला
दारव्ह्याजवळच्या खेड्यातून लिहून राहिलो. लॅपटॉपवर डेक्स्ड वाजवतो, म्हणजे यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स-७ सिंथेसायझरची फुकट सॉफ्टवेअर नक्कल. ६ ऑपरेटर (आवाज घडवणारे भाग), प्रत्येकाचं लेव्हल वेगळं, एन्व्हलप (आवाज कसा चढते-उतरते ते) वेगळं. माउसनं आवाज जमवणं म्हणजे चिमट्यानं तूर निवडणं.

म्हणून पॅनल घरीच केलं. जळलेल्या स्टॅबिलायझरचा पत्र्याचा डबा, त्याले मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून ७ मिमीची १६ भोकं पाडून आणली. ("कोणत्या पंपाचं स्टार्टर होय बे हे?") आत आर्डुइनो लिओनार्डो (नॉब वाचून लॅपटॉपले आकडे पाठवणारा छोटा बोर्ड) अन् दोन ४०५१ मल्टिप्लेक्सर (आठ-आठ नॉब आळीपाळीनं एका तारेवर जोडणाऱ्या चिपा). पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टन्स) सगळे भजनी मंडळाच्या भंगार अँप्लिफायरमधले.

आता ३ फिरवला की ४ चा आकडा त्याच्यामागं जाते. हात न लावताही ५७-५८-५७ नाचत राहते. सोल्डर तीनदा केलं. चिप गेली काय? नागपूरले जाण्यात अख्खा दिवस जाते, अन् सोयाबीन काढणीवर आलं.

तांब्याची_तार
४०५१ च्या ६, ७, ८ तिन्ही पिना ग्राउंडले आहेत ना? ६ लोंबकळत ठेवली की असेच चाळे होतात.

दारव्हेकर_पेटीवाला
तिन्ही आहेत. मल्टिमीटरनं पाहिलं.

जुना_रेडिओ
चिपले हात लावू नका. पॉटवर काय लिहिलं आहे? आणि नॉब अर्ध्यावर ठेवला तर १२७ पैकी किती येते?

दारव्हेकर_पेटीवाला
४७० के (किलोओहम). अर्ध्यावर १६! मले वाटलं कोडच चुकला.

जुना_रेडिओ
तेच तर. व्हॉल्यूमचे लॉग पॉट आहेत, कानासाठी बनवलेले, आधी हळू अन् मग झपाट्यानं वाढणारे. आणि ४७० के फार जास्त. आर्डुइनोच्या आत एक बारकं कपॅसिटर असते. मल्टिप्लेक्सर ३ वरून ४ वर गेला तरी त्यात ३ चाच चार्ज उरते, इतक्या मोठ्या रेझिस्टन्समधून तो लवकर बदलत नाही. सोर्स, म्हणजे पॉट, १० के किंवा कमी पाहिजे. बी१०के मागवा, बी म्हणजे लिनियर, सारखा वाढणारा. तोवर प्रत्येक चॅनल दोनदा वाचा, पहिला आकडा फेकून द्या. आणि २ पेक्षा कमी फरक पडला तर मिडी (लॅपटॉपले जाणारा नॉबचा संदेश) पाठवूच नका.

दारव्हेकर_पेटीवाला
दोनदा वाचून बरंच शांत झालं, पण पूर्ण नाही. खोक्यात एक बी१०के सापडला, तो ४ वर लावला. ३ फिरवला, ४ जागचा हलला नाही! पण भाऊ, आता ४ फिरवला की ५ हलते. १५ पॉट मागवले.