मदत हवी आहे : बंद भांड्यात चुनखडी वाढवली तर समतोल खरोखरच ढळत नाही का?

मी सांगलीत अकरावीच्या मुलांच्या रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेते. कॅल्शिअम कार्बोनेट (म्हणजे चुनखडी) तापवले की चुनकळी (कॅल्शिअम ऑक्साइड) आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात, आणि या अभिक्रियेच्या समतोल स्थिरांकात (पुढची आणि उलट अभिक्रिया सारख्या वेगाने चालू असताना, म्हणजे समतोलात, ठरावीक तापमानाला कायम राहणाऱ्या संख्येत) फक्त वायूचा आंशिक दाब, म्हणजे त्या वायूचा स्वतःचा दाब, उरतो, एवढे मुलांना पाठ असते. आसपासच्या साखर कारखान्यांत उसाच्या रसाच्या शुद्धीकरणासाठी चुना लागतो, त्यामुळे तो त्यांच्या ऐकण्यातला असतो. भांड्यात चुनकळी वाढवली, तर ले शातेलिए तत्त्वानुसार (समतोलात बदल केला की अभिक्रिया तो बदल कमी करण्याच्या दिशेने सरकते) अभिक्रिया उलट दिशेने का सरकत नाही, असे एका विद्यार्थिनीने विचारले.

शुद्ध स्थायूची संहती (एक लिटरमध्ये किती मोल, म्हणजे कणांच्या ठरावीक मोठ्या संख्येचे किती गट, आहेत ते) त्याच्या घनतेवरून ठरते. कॅल्शिअम कार्बोनेट चिमूटभर घ्या की पोतेभर, ते लिटरमागे सुमारे 27 मोलच भरते, आणि बारीक भुकटी केली तरी दोन्ही दिशांचा वेग सारखाच वाढतो, असे उत्तर मी दिले. तिचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही.

कारण 800 अंश सेल्सिअसला समतोल दाब सुमारे 0.22 ॲटमॉस्फिअर धरला, तर एक लिटरच्या निर्वात बंद भांड्यात तेवढा दाब येण्यासाठी जेमतेम पाव ग्रॅम कार्बोनेटचे विघटन व्हावे लागते. एक ग्रॅम ठेवा वा दहा, दाब तोच, पण 0.1 ग्रॅमच ठेवले तर ते सगळे संपेल, दाब 0.09 च्या आसपास अडेल आणि समतोल येणारच नाही. म्हणजे स्थायू किती आहे याला महत्त्व नसले, तरी तो शिल्लक असणे अनिवार्य आहे. इथपर्यंत ठीक. परंतु समतोल आल्यावर त्याच भांड्यात आणखी 100 ग्रॅम कार्बोनेट टाकले, तर ते सुमारे 37 मिलिलिटर जागा व्यापेल आणि वायू दाबला जाईल. मग समतोल ढळला असे म्हणावे की नाही? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

मॅडम, आपला तर्क बरोबर आहे. दाब क्षणभर 0.228 च्या घरात जाईल, थोडा कार्बन डायऑक्साइड चुनकळीशी संयोग पावेल आणि दाब पुन्हा 0.22 वर येईल. स्थिरांक बदलणार नाही. वायूचे मोल मात्र पावणेचार टक्क्यांच्या आसपास घटतील. हा परिणाम कार्बोनेटचा नसून त्याने अडवलेल्या जागेचा आहे, कारण तेवढ्याच आकारमानाचा प्लॅटिनमचा तुकडा टाकला असता तरी हेच घडले असते.