मदत हवी आहे: किट कारच्या पेट्रोल टाकीला अडॅप्टर बसत नाहीये, शिवाय स्वर्ल पॉट लावू की नको?

गॅरेजातला_गडी:

नमस्कार मंडळी,

गाड्यांच्या धाग्यांवर इथे बरेच जाणकार दिसतात म्हणून विचारतोय. मी इंग्लंडात लेस्टरला असतो आणि घराला लागून असलेल्या छोट्या गॅरेजात लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीची दोन सीटची किट कार जोडतोय. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, इकडे हे खूळ जुनं आहे, १९५७ साली सेव्हन आली तेव्हा तयार गाडीवर परचेस टॅक्स पडायचा आणि सुटे भाग घेऊन घरी जोडली की तो वाचायचा, म्हणून लोक घरीच जोडायचे. १९७३ मध्ये तो टॅक्स जाऊन व्हॅट आला, त्याच वर्षी लोटसने सेव्हन कॅटरहॅम या कंपनीला देऊन टाकली, पण लोकांचा नाद काही सुटला नाही. चासी, बॉडी, टाकी किटमध्ये येते, इंजिन-गिअरबॉक्स कुठल्यातरी जुन्या गाडीतून काढायचं. माझं इंजिन पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ चं, १.८ लिटर, इंजेक्शनवालं.

आता अडलंय ते पेट्रोलच्या लाइनवर. माझदाची मूळ टाकी या चासीत मावत नाही, त्यामुळे किटवाल्याने मागे डिकीखाली बसणारी चपटी अॅल्युमिनियमची टाकी दिली आहे. तिला खाली एक वेल्ड केलेला बॉस (जाड गोल कडं) आहे, आतून आटे पाडलेला, आणि त्यात बसवायला एक डॅश सिक्सचं (ही पाइपांच्या फिटिंगची एक साइज) अडॅप्टर पिशवीत आलंय. ते हाताने दीड-दोन आटे जातं आणि मग घट्ट. पाना लावून जोर करायची हिंमत होत नाहीये कारण बॉस अॅल्युमिनियमचा आहे, एकदा आटे गेले की टाकीच गेली. किटवाल्याला मेल टाकला तर म्हणे सगळ्यांचं बसतं, थोडं तेल लावून फिरवा.

दुसरं म्हणजे स्वर्ल पॉट, म्हणजे पंपाला सतत पेट्रोल मिळावं म्हणून टाकी आणि पंपाच्या मध्ये लावायचं छोटं भांडं. टाकी चपटी असल्यामुळे वळणावर पेट्रोल एका बाजूला पळणार आणि पंप हवा ओढणार हे कळतंय, पण गाडी फक्त रस्त्यावर चालवणार आहे, ट्रॅकवर नाही. मग दोन पंप, एक पॉट, एवढी पाइपांची गर्दी खरंच करायची का? आणि होज स्टीलच्या जाळीचा घेऊ की साधा रबरी? आयव्हीए टेस्ट (अशी गाडी रस्त्यावर आणायच्या आधीची सरकारी तपासणी) अजून लांब आहे पण एकदा बसवलेलं परत उचकटायचं नाहीये.

जुना_फिटर:

गडी भाऊ, पाना लावला नाहीत ते फार बरं केलंत. तेल लावून फिरवा म्हणणाऱ्याला आधी त्याच्याच टाकीत फिरवायला लावा.

मला वाटतं बॉस मेट्रिक आहे आणि अडॅप्टर इंची. डॅश सिक्सचे आटे म्हणजे ९/१६ इंच, इंचाला १८. मिलिमीटरमध्ये व्यास १४.२९ आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.४१. आता एम१४ × १.५ बघा, व्यास १४, पिच १.५. दोन्ही इतके जवळ की हातात धरून फरक दिसत नाही, तोंडाशी एक-दोन आटे धरतात सुद्धा, आणि मग पिच जुळत नाही म्हणून अडकतात. इथे जोर लावला की अॅल्युमिनियमच्या बॉसचा भुगा. काही फिटिंगं बीएसपीची (ब्रिटिश पाइपच्या आट्यांची) पण निघतात, पण पाव इंची बीएसपीचा व्यास १३.१६ असतो, त्या बॉसमध्ये तुमचं अडॅप्टर तोंडालाही लागलं नसतं.

थ्रेड गेज नसेल तर एक सोपी युक्ती. जुन्या गाडीतून काढलेल्या इंजिनचा संप प्लग (ऑइल सोडायचा तळाचा बोल्ट) काढा. माझदाचा तो एम१४ × १.५ असतो. स्वच्छ पुसा आणि नुसत्या दोन बोटांनी बॉसमध्ये फिरवून बघा. मुकाट्याने शेवटपर्यंत गेला तर निदान पक्कं.

आणि हो, गळतंय म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळायचा मोह होईल, अजिबात नको. त्या टेपची लक्तरं सुटतात आणि थेट इंजेक्टरच्या तोंडाशी जाऊन बसतात. जेआयसीच्या, म्हणजे या डॅश साइजच्या, फिटिंगला आटे सील करतच नाहीत, सील होतं ते ३७ अंशाच्या कोनावर. बॉसच्या बाजूला रबर चिकटवलेलं वायसर येतं, डाउटी सील म्हणतात, ते लावायचं.

सांगलीकर_जीपवाला:

होजबद्दल माझा अनुभव. मी इकडे जुन्या जीपवर काम करतो, इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुने रबरी पाइप आतून लगद्यासारखे होतात, बाहेरून मात्र ठणठणीत दिसतात. तुमच्याकडेही सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) झालंय. त्यामुळे होजवर काय छापलंय ते वाचून घ्या, एसएई जे३० आर९ पाहिजे. आर६ कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा, इंजेक्शनच्या प्रेशरला तो घेऊ नका. आणि आर९ टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडवून चालत नाही, त्याला आर१० वेगळा असतो. स्टीलची जाळी दिसायला भारी, पण आतलं रबर साधंच असेल तर उपयोग शून्य, उलट आत काय झालंय ते दिसत नाही आणि बाजूच्या वायरी मात्र करवतीसारख्या कापते.

बाकी एवढा खटाटोप करण्यापेक्षा अख्खी एमएक्स-५ च चालवायची ना राव 😀

गॅरेजातला_गडी:

@जुना_फिटर, दंडवत! संप प्लग काढला, ब्रेक क्लीनरने पुसला, दोन बोटांनी फिरवला, लोण्यात सुरी जावी तसा पार कॉलरपर्यंत गेला. म्हणजे बॉस एम१४ × १.५. किटवाल्याला फोटो पाठवलाय, अजून उत्तर नाही. एम१४ ते डॅश सिक्स अडॅप्टर आणि डाउटी वायसर मागवलं, दोन्ही मिळून एका पिझ्झाच्या किमतीत आलं.

@सांगलीकर, अख्खी एमएक्स-५ च होती हो, बायकोही हेच म्हणते.

स्वर्ल पॉटचं कुणी सांगेल का?

तिसरा_गिअर:

लावा. रस्त्यावरची गाडी असली तरी लावा, आणि का ते सांगतो. कार्ब्युरेटरला तीनेक पीएसआय पुरतात आणि फ्लोट चेंबरमध्ये थोडा साठा असतो, पंपाने क्षणभर हवा ओढली तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. इंजेक्शनला ३ बार (साधारण ४४ पीएसआय) लागतात आणि साठा असा नाहीच, रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीत) हवेचा बुडबुडा आला की इंजिन तिथल्या तिथे अडखळतं. तुमच्या राउंडअबाउटवर दुसऱ्या गिअरमध्ये पाव टाकीवर वळलात की हेच होणार. टाकीत आडव्या पट्ट्या असतील तर थोडा फरक पडतो, पण चपट्या टाकीत त्यांच्यावर विसंबू नका.

क्रम असा: टाकी, जाड जाळीचा फिल्टर, कमी प्रेशरचा लिफ्ट पंप, पॉट. पॉटच्या बुडातून मेन पंप, मग बारीक फिल्टर, मग रेल. रेलच्या रेग्युलेटरमधून उरलेलं पेट्रोल परत पॉटमध्ये आणि पॉटच्या डोक्यावरून एक लाइन टाकीत. बारीक फिल्टर मेन पंपाच्या आधी लावू नका. हे पंप ढकलायला बनलेत, ओढायला नाहीत, आधी अडथळा आला की आत पेट्रोलची वाफ होते आणि पंप किंचाळायला लागतो. मेन पंप पॉटपेक्षा खालीच ठेवा.

लिफ्ट पंप मोठा घ्यायची गरज नाही, इथे लोक उगाच पैसे घालवतात. मेन पंप तासाला शंभराच्या वर लिटर फिरवत असला तरी त्यातलं बहुतेक परत पॉटमध्येच येतं. लिफ्ट पंपाला भरून काढायचं ते फक्त इंजिन जाळतं तेवढं, आणि तुमचं १३० घोड्यांचं इंजिन फुल थ्रॉटलला तासाला फार तर ४० लिटर पिईल.

जुना_फिटर:

वरच्याशी सहमत. फक्त भर घालतो. पुढे जाणारी लाइन टनेलमधून (दोन सीटांमधल्या बोगद्यातून) नेणार असाल तर ८ मिलिमीटरचा कुनिफर (तांबे-निकेलचा) पाइप वापरा, फूटभर अंतरावर रबर लावलेल्या क्लिपा, आणि प्रोपशाफ्टला (मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याला) चाटणार नाही अशा बेताने वर. सायलेन्सरच्या बाजूने अजिबात नको. पाइपच्या टोकाला बीड (फुगीर कडं) पाडून घ्या, नुसत्या गुळगुळीत टोकावर ३ बारला होज सरकतो, क्लिप कितीही आवळा. क्लिपसुद्धा खाचांची ज्युबिली नको, ती रबर कापते, इंजेक्शनची गोल पट्टीवाली घ्या.

आयव्हीएवाला झाकण हातात घेऊन बघतो, ते गाडीला साखळीने बांधलेलं किंवा चावीचं पाहिजे. टाकीला आणि फिलरच्या मानेला अर्थिंगची वायर द्या, मध्ये रबरी पाइप असला की अर्थ तुटतो हे लोक विसरतात. ब्रीदरला (टाकीच्या हवेच्या नळीला) रोलओव्हर व्हॉल्व्ह, गाडी उलटली तर पेट्रोल सांडू नये म्हणून. भंगारातल्या जुन्या फोर्डचा इनर्शिया स्विच पंपाच्या वायरीत टाका, धडक बसली की पंप बंद.

गॅरेजातला_गडी:

सगळं वहीत उतरवलं. पॉट आणि मेन पंप मागच्या ॲक्सलच्या वर चासीला लावतोय. एकच शंका, पंप थेट चासीच्या नळीला बोल्ट केला तर सीटमागे घुईंऽऽ ऐकू येईल का?

तिसरा_गिअर:

येईल, आणि डोक्यात जाईल. एक्झॉस्टची रबरी टांगणी मिळते त्यावर अडकवा किंवा दोन्ही बाजूंनी आटे असलेले रबरी माउंट लावा. रबरामुळे पंपाचा अर्थ जातो म्हणून काळी वायर वेगळी ओढा. पहिल्यांदा पेट्रोल भरलं की कॉइल काढून ठेवा, नुसता पंप चालवा आणि प्रत्येक जॉइंटखाली टिश्यू पेपर धरून बघा, बोटाने गळती कळत नाही. गॅरेजचं शटर उघडं ठेवा आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, गॅरेज घराला लागून आहे म्हणालात ना.