‘डायनॅमिक भाषेत रीड-ओन्ली म्हणजे थोतांड’ म्हणणाऱ्यांना

यावलकर: काल इथे एकाने ठोकून दिलं की पायथन, जावास्क्रिप्टसारख्या डायनॅमिक भाषेत व्हेरिएबलचा टाइपच (आकडा की मजकूर) पक्का नाही, तिथे व्हॅल्यू कसली पक्की, ज्याला बंधन हवं त्याने गुमान जावा लिहावी. वाचून डोकंच फिरलं. टाइप न बांधणं वेगळं, एकदा बनलेली वस्तू न बदलू देणं वेगळं. पायथनची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, जागेवर बदलता येत नाही, म्हणून ती डिक्शनरीची की, म्हणजे नोंद शोधायची खूण, होते. लिस्ट बदलता येते, म्हणून होत नाही. आणि जावाचं कौतुक सांगू नका. तिथलं ‘बदलू नका’ सांगणारं फायनलही फक्त नाव एका वस्तूला बांधतं, आतली अ‍ॅरेलिस्ट मोकाट.

तापीकाठ: मीच तो. जावास्क्रिप्टात कॉन्स्ट (नाव पक्कं करणारा शब्द) लावून अ‍ॅरे घ्या आणि पुशने त्या यादीत भर घाला. होतं ना? ऑब्जेक्ट फ्रीझ केला, म्हणजे गोठवला, तरी आतला ऑब्जेक्ट उघडाच. कडक तपासणीचा स्ट्रिक्ट मोड नसेल तर गोठवलेल्यात लिहिलेलं गुपचूप गिळतात, एरर नाही की काही नाही. पायथनच्या टपलमध्ये (न बदलणारी यादी) लिस्ट ठेवून तिच्यात प्लस-इक्वलने भर घाला: टाइपएरर येतो आणि लिस्टही वाढलेली असते! पायथन ३.८ पासूनचं फायनल तर कोड चालवणारा इंटरप्रिटर बघतही नाही. आणि जावास्क्रिप्टचा न बदलणाऱ्या रेकॉर्ड-टपलचा प्रस्ताव? २०२५ मध्ये गुंडाळला.

जिनिंगवाला: पुस्तकी भांडण पुरे. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याचा बिलाचा प्रोग्राम माझ्याकडे आला. आधीच्या पोराने फंक्शनच्या डिफॉल्टला, म्हणजे काही न दिल्यास वापरायच्या किमतीला, रिकामी लिस्ट ठेवलेली. पायथनमध्ये ती फंक्शन बनताना एकदाच तयार होते, दर कॉलला नवी नाही. एका शेतकऱ्याची वजनं दुसऱ्याच्या बिलात! तिथे टपल असता तर अपेंडलाच, म्हणजे भर घालतानाच, बोंब झाली असती.

भुसावळ जंक्शन: भो, वजनाचं सोड, भावाचं बोल. बोर्डावर भाव एक, आणि गाडी लागली की ‘माल हलका आहे’ म्हणत क्विंटलमागे पाडून दुसरा. तो फ्रीझ करून दाखव आधी.

जिनिंगवाला: तो माझ्या कोडात नाही, मालकाच्या तोंडात असतो.

भुसावळ जंक्शन: म्हणजे बिलात भाव बदलायची सोय तूच ठेवलीस ना? आमच्या वडिलांचा अख्खा बाग वेफरच्या, म्हणजे हलक्या मालाच्या, भावात गेला, चांगला माल असून. घड कापून पडल्यावर शेतकरी जाणार कुठे?

जिनिंगवाला: सोय नसती ठेवली तर त्याने वहीत लिहिलं असतं! दरवेळी प्रोग्रामवाल्याला काय धरता?

यावलकर: अहो, धागा कशाचा आहे?

भुसावळ जंक्शन: याचाच आहे. जुना भाव पुसून नवा लिहिता येतो हेच दुखणं. कपात करायची तर वेगळी ओळ टाका, कारणासकट. शेतकऱ्याला बिलावर दिसू दे तरी.

तापीकाठ: हे मात्र पटलं, आणि त्याला कुठलीही भाषा चालते. यावलकर, तुमचं स्ट्रिंगचंही मान्य, घ्या, हार घालू का? पण ‘कॉन्स्ट लावलं, आता निर्धास्त’ असं म्हणणारे जे दोघे माझ्या ऑफिसात बसतात, त्यांना हे तुम्ही येऊन सांगा.

यावलकर: हार राहू द्या. तुमचं प्लस-इक्वलवालं आत्ता चालवून पाहिलं. खरंच एररही आला आणि लिस्टही वाढली. वैताग आहे.

भुसावळ जंक्शन: जिनिंगवाले, ती वेगळी ओळ कधी टाकताय?